तुमचीं मुलें विचारतील

(मननासाठीं शास्त्रपाठ : निर्गम 12:21-28, 13:8-10)



पुनरुत्थानाचा सण जवळ आला म्हणजे मंडळ्यांकडून नाना प्रकारचे प्रश्न येऊं लागतात. कोणी पहांटेच्या उपासनेविषयीं विचारतो, कोणी वर्गणीविषयीं, कोणी प्रभुभोजनाच्या पात्रांविषयीं. ह्या खेपेस एका खेड्यांतील उपदेशकांनीं विचारलेला प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांच्या मंडळींतील कांहीं तरुण कामधंद्यासाठीं शहरांत असतात. सणाला घरीं येतांना ते पडदा व यंत्र बरोबर आणणार आहेत, आणि शनिवारीं रात्रीं उपासनामंदिरापुढील अंगणांत मोशेचा मोठा बोलपट दाखवावा असा त्यांचा बेत आहे. पंचांपैकीं दोघे वडील म्हणतात कीं, सणाच्या आदल्या रात्रीं मंदिरापुढें तमाशा नको. तरुण म्हणतात कीं, अमेरिकेंतील ख्रिस्ती घरांत हा बोलपट सणाच्या दिवसांत वर्षानुवर्षें पाहतात, मग आम्हींच कां पाहूं नये? दोन्ही बाजूंचीं माणसें आतां एकमेकांशीं बोलत नाहींत. उपदेशक विचारतात, मी कोणाच्या बाजूस उभा राहूं?

उत्तर देण्यापूर्वीं वर दिलेला शास्त्रपाठ सर्वांनीं आपापल्या घरीं एकदां मोठ्यानें वाचावा अशी विनंति आहे. मिसर देशांतील ती शेवटची रात्र आहे. कोंकरूं मारावयाचें आहे, रक्त दाराच्या चौकटीस लावावयाचें आहे, कंबर बांधून व पायांत जोडे घालून घाईघाईनें जेवावयाचें आहे. फारोनें अजून सोडलेलें नाहीं आणि समुद्र अजून पुढें आहे. अशा धांदलीच्या घडीस परमेश्वर मोशेच्या मुखानें कोणाविषयीं बोलतो? जीं मुलें अजून जन्मासही आलीं नाहींत त्यांच्याविषयीं. तुम्ही वचन दिलेल्या देशांत जाऊन राहाल, हा विधि पाळाल, आणि तुमचीं मुलें विचारतील कीं हें तुम्ही काय करितां. तेव्हां त्यांस काय सांगावयाचें तें देव तेथेंच सांगून ठेवितो. पुढील अध्यायांत तर तो बापाच्या तोंडीं मोठे विलक्षण शब्द घालतो. मी मिसरांतून निघालों तेव्हां परमेश्वरानें माझ्यासाठीं जें केलें त्याकरितां हें आहे, असें बापानें मुलाला सांगावयाचें. केवळ पूर्वजांसाठीं नव्हे, तर माझ्यासाठीं. हें सांगणारा बाप कदाचित् हजार वर्षांनंतर यहूदियाच्या डोंगरांत मेंढरें राखीत असेल. मिसर देश त्यानें जन्मांत पाहिला नसेल. तरी तो असेंच म्हणेल, आणि तें खोटें होणार नाहीं.

ही गोष्ट मनांत धरून आतां त्या बोलपटाकडे वळूं.

'टेन कमांडमेंट्स', म्हणजे 'दहा आज्ञा', हा बोलपट अमेरिकेंतील सेसिल डी मिल ह्यांनीं काढिला व तो 1956 सालीं न्यूयॉर्क शहरांत प्रथम लोकांपुढें आला. तो सुमारें 3 तास 40 मिनिटें चालतो. मोशेचें काम चार्लटन हेस्टन ह्यांनीं केलें आहे व फारोचें यूल ब्रिन्नर ह्यांनीं. त्यासाठीं सुमारें 1 कोटी 30 लक्ष डॉलर लागले. तोंपर्यंत कोणत्याही बोलपटावर इतका पैसा खर्च झाला नव्हता. इस्राएल लोक निघतात तो देखावा खुद्द मिसर देशांत, हजारों माणसें व जनावरें जमवून घेतला आहे. समुद्र दुभागण्याच्या देखाव्यासाठीं मात्र मोठमोठ्या टाक्यांत पाणी सोडलें आणि त्या पडत्या पाण्याचें चित्र उलटें फिरविलें. ह्या कारागिरीबद्दल त्या वर्षीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. हें मी मुद्दाम सांगत आहे. पडद्यावरचा समुद्र पाहून एखाद्या भोळ्या म्हातारीनें हात जोडले तर तिला कोणीं हंसूं नये. परंतु तें पाणी कसें हटलें हें तिला ठाऊक असूं द्यावें. खरा समुद्र परमेश्वरानें रात्रभर पूर्वेचा वारा वाहवून मागें हटविला असें आपण वाचतों.

बोलपट काढणाऱ्या गृहस्थांविषयीं एक गोष्ट मला ह्या सर्व आंकड्यांपेक्षां मोलाची वाटते. सेसिल ह्यांचे वडील हेन्री हे नाटककार होते, आणि एपिस्कोपल मंडळींत शास्त्रवाचनाची सेवाही करीत. घरीं ते आपल्या मुलांना पवित्र शास्त्र वाचून दाखवीत असत. 1893 सालीं ते वारले तेव्हां सेसिल 11 वर्षांचे होते. त्या पोरक्या मुलानें पुढें मोशेची कथा दोन वेळां पडद्यावर आणिली: प्रथम 1923 सालीं मूकपटांत, आणि पुन्हां तेहतीस वर्षांनीं, स्वतःच्या वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं. मिसर देशांत काम चाललें असतां त्यांस हृदयविकाराचा झटका आला, तरी थोड्याच दिवसांत ते पुन्हां कामावर उभे राहिले. त्यांनीं दिग्दर्शित केलेला हा शेवटचा बोलपट. 1959 सालीं त्यांचें देहावसान झालें. त्यांना नफा नको होता असें मी म्हणत नाहीं. तो त्यांस भरपूर मिळाला. तरी ह्या सर्व थाटाच्या मुळाशीं खणीत गेलें तर मुलांना शास्त्र वाचून दाखविणारा एक बाप सांपडतो, हें वडील मंडळींनीं लक्षांत घ्यावें. आणखी एक लहानशी गोष्ट: लव्हाळ्याच्या पेटींतला तान्हा मोशे पडद्यावर दिसतो, तो हेस्टन ह्यांचाच कांहीं महिन्यांचा मुलगा आहे.

अमेरिकेंत 1973 सालापासून एबीसी ही दूरचित्रवाणी संस्था पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास हा बोलपट जवळजवळ दरवर्षीं दाखवीत आली आहे. 1999 सालीं तिनें तो गाळला, तेव्हां पुष्कळ लोकांनीं तक्रार केली. मधल्या जाहिराती धरून त्याला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो; तरी आजोबा, आजी, नातवंडें एकत्र बसून तो पाहतात, आणि लहान मुलें समुद्र येईपर्यंत जागें राहण्याचा हट्ट धरून बहुधा त्याआधींच झोंपीं जातात. वल्हांडणाचा सण त्याच दिवसांत येत असल्यामुळें कित्येक यहूदी घरांतही तो पाहिला जातो. ज्या बोलपटांत प्रभु येशू दिसत नाहीं तो त्याच्या पुनरुत्थानाच्या सणाला कां दाखवावा, असें कोणी विचारील. प्रभूनें शिष्यांबरोबर शेवटचें भोजन केलें तें वल्हांडणाच्याच दिवसांत, आणि पौल करिंथकरांस लिहितांना ख्रिस्तालाच आपला वल्हांडण म्हणतो, हें ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळें उत्तर नको.

आतां त्या दोघां वडिलांस हात जोडून कांहीं सांगावयाचें आहे. आपल्या बालपणीं वा आपल्या वडिलांच्या बालपणीं मिशनरी साहेब दौऱ्यावर येत, रात्रीं पांढरी चादर टांगून कंदिलाच्या उजेडांत शुभवर्तमानांतील चित्रें दाखवीत, आणि जे लोक दिवसा उपदेश ऐकत नसत तेही झाडाखालीं येऊन बसत. त्याला कोणीं तमाशा म्हटलें नाहीं. आपल्या लोकांनीं टाळमृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तनें केलीं, त्यालाही आरंभीं नांवें ठेवणारे होतेच. शिवाय ह्या देशांतील चित्रपटांचा उगम कोठें आहे तेंही पाहा. दादासाहेब फाळके ह्यांनीं 1911 च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्ताच्या जीवनाचा मूकपट पाहिला, आणि तो पाहतां पाहतां आपल्या देशांतील कथाही अशाच पडद्यावर आणाव्या असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांतूनच 1913 सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला. ते ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांच्या डोळ्यांपुढें प्रभूचें चरित्र चाललें असतां मनापुढें गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. ह्यावरून पडद्याची शक्ति केवढी आणि तिची मर्यादा कोठें हें दोन्ही कळतें. चित्र माणसाला हालवितें. हाललेला माणूस कोणीकडे जाईल हें चित्राच्या हातीं नसतें.

बोलपटांत खरोखर चांगलें काय आहे तेंही सांगितलें पाहिजे. विटांच्या खळ्यांचा देखावा आपल्या लोकांनीं अवश्य पाहावा. गुडघाभर चिखल, त्यांत गवत तुडविणारीं माणसें, आणि वर उभे असलेले मुकादम. आपल्यांतले कित्येक जण आजही उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, कोणी ऊसतोडीला जातात आणि मंदिराला दिवाळीनंतर कुलूप लागतें. त्यांना हा देखावा कोणी समजावून देण्याची गरज नाहीं. परमेश्वरानें मोशेला हांक मारली तेव्हां प्रथम काय सांगितलें? आपल्या लोकांचें दुःख आपण पाहिलें आहे आणि मुकादमांमुळें त्यांनीं केलेला आक्रोश ऐकला आहे, हें. आज्ञा पुढें आल्या. आधीं त्यानें ऐकलें.

दुसरा देखावा त्या शेवटच्या रात्रीचा. फारोच्या ज्या कन्येनें मोशेला पाण्यांतून काढिलें, ती त्या रात्रीं महाल सोडून मोशेच्या दाराशीं येते, आणि तिची पालखी वाहणाऱ्या परदेशी सेवकांनाही घरांत घेतलें जातें. हा प्रसंग जसाच्या तसा शास्त्रांत नाहीं. परंतु इस्राएलाबरोबर मिश्र समुदायही निघाला हें निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत आहे, आणि फारोच्या बिथ्या नांवाच्या एका कन्येचा उल्लेख पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायांत आहे. तिलाच यहूदी लोकांच्या जुन्या परंपरेनें मोशेची पालक आई मानिलें. राजकन्या आणि तिचे भोई एका ताटाला बसतात हें पाहून आपल्या वाडीवस्तींतील माणसाच्या मनांत जें येईल तें न्यूयॉर्कच्या माणसाच्या मनांत येणार नाहीं.

तरुणांनाही दोन शब्द. बोलपट पाहिला म्हणजे निर्गम वाचलें असें समजूं नका. त्यांतील पहिल्या अर्ध्या भागाची बहुतेक कथा शास्त्राबाहेरची आहे. मोशेच्या तरुणपणाच्या वर्षांविषयीं शास्त्र जवळजवळ मुकें आहे. ती जागा भरण्यासाठीं फिलो, योसेफस व यहूदी परंपरा ह्यांचा आधार घेतल्याचें बोलपटांतच आरंभीं सांगितलें आहे, आणि उरलेली जागा प्रेमकथेनें भरली आहे. राजकन्या नेफ्रेतिरी व मोशे ह्यांचा जो प्रणय त्यांत आहे त्याला शास्त्रांत तिळभर आधार नाहीं. निर्गमांत मोशेपुढें उभ्या राहिलेल्या फारोचें नांवही दिलेलें नाहीं. जुलूम सोसणाऱ्या दोन सुइणींचीं नांवें मात्र, शिप्रा व पुवा, लिहून ठेविलीं आहेत. सोन्याच्या वासराचा देखावा लांबविला आहे. पाप दाखवून मग त्याचा निषेध करावयाचा ही त्या दिग्दर्शकांची जुनी संवय होती, आणि प्रेक्षकाला निषेधापेक्षां पापच अधिक लक्षांत राहतें.

तसेंच मोशेचें बोलणें. पडद्यावरील मोशेचा आवाज मेघासारखा गडगडतो. शास्त्रांतील मोशे जडजिव्ह होता आणि दुसऱ्या कोणाला पाठीव म्हणून त्यानें देवाला विनविलें. आपल्या लहान मंडळ्यांतून असे कितीतरी उपदेशक आहेत कीं ज्यांना धड वक्तृत्व नाहीं, रविवारीं उभे राहतांना ज्यांच्या हाताला कांप सुटतो. हा बोलपट पाहून त्यांनीं खचून जाऊं नये. जळत्या झुडपांतून जी वाणी ऐकूं येते ती हेस्टन ह्यांचीच, मंद करून घेतलेली आहे, असें त्यांनीं स्वतः पुढें सांगितलें. करमणूक करणाऱ्यांनीं तें कौशल्यानें केलें. परंतु आपलाच आवाज जाड करून त्याला देवाची वाणी म्हणण्याची खोड व्यासपीठावरही आढळते. तरुण आणि वडील ह्या दोघांच्या भांडणांतही मला तोच आवाज थोडासा ऐकूं आला.

तथापि माझा मुख्य मुद्दा ह्याहून निराळा आहे. समुद्र ओलांडल्यावर बोलपट सीनाय पर्वताकडे जातो, वासराचा नाश होतो, आणि मग एकदम मोशे म्हातारा होऊन यार्देनेपलीकडील डोंगरावर निरोप घेत आहे. मधलीं चाळीस वर्षें एका वाक्यांत संपतात. समुद्र ओलांडावयास एक रात्र लागली. अरण्याला चाळीस वर्षें लागलीं, आणि शास्त्राच्या तीन पुस्तकांहून अधिक भाग त्या अरण्याला दिलेला आहे. समुद्रानंतर तीनच दिवसांत पाणी मिळालें नाहीं म्हणून लोक कुरकुरले. बोलपटांत तें नाहीं. कुरकुरणारीं माणसें पाहावयास कोण पैसे देईल?

परंतु आपलीं घरें त्याच चाळीस वर्षांत वसलेलीं आहेत. आपल्यापैकीं पुष्कळांच्या पणजोबांनीं वेशीबाहेर राहून गांवकी केली, वेठ केली, मेलेलें गुरूं ओढलें, दारोदार भाकरी मागितली. त्या वतनाची दोरी कायद्यानें 1958 सालीं तुटली, पण बाप्तिस्मा घेतला तो त्याच्या कितीतरी आधीं. तेव्हां कोठलाही समुद्र दुभागला नाहीं. कोणाचें बलुतें बंद झालें, कोणाला सोयऱ्यांनीं मुलगी दिली नाहीं, कोणाला त्याच ओढ्याच्या खालच्या पाण्यावर जावें लागलें. कांहीं परत फिरले. त्यांना दोष देणारे आपण कोण? आणि जे टिकले तेही कुरकुरले. मिशनच्या काळांतील गव्हाचीं पोतीं आठवून सुस्कारे टाकणारे आजही आपल्यांत आहेत. मिसरांतील मांसाच्या भांड्यांशीं ती तुलना पुरी जुळत नाहीं, परंतु सुस्कारा तोच आहे.

हें सर्व कोणीं मुलांना सांगितलें आहे काय? मी पुष्कळ घरांतून विचारून पाहिलें. मुलांना मोबाईलवर पाहिलेला फारोचा रथ आठवतो, त्याच्या घोड्यांचा रंगही आठवतो. आपल्या घरांत पहिला बाप्तिस्मा कोणाचा, तो कोठें झाला, त्या दिवशीं घरांत काय शिजलें, कोण रडलें, कोण घर सोडून गेलें, हें दहांतील एखाद्यालाही सांगतां येत नाहीं. ज्यांना सांगतां आलें असतें त्या आज्या एकामागून एक मातीआड जात आहेत. मूल विचारील म्हणून देवानें आगाऊ उत्तर शिकवून ठेविलें, आणि आपण उत्तरही गमाविलें आणि प्रश्नही. अमेरिकेंतला तो बोलपट निदान प्रश्न तरी विचारावयास लावितो. म्हणून मी त्याच्या विरुद्ध नाहीं.

तेव्हां उपदेशकबंधूंनो, माझें उत्तर असें आहे. बोलपट दाखवा, पण वडिलांचें एक म्हणणें मान्य करा: पुनरुत्थानाची पहांट झोंपेंत जातां कामा नये. शनिवारीं दिवेलागणीस निर्गमाचे पहिले चार अध्याय तरुणांनीं पाळीपाळीनें वाचावे. मग पहिल्या भागांतील विटांच्या खळ्यांचा देखावा तेवढा दाखवून मध्यंतरानंतरचा भाग लावावा. भाषा इंग्रजी आहे, म्हणून शाळेंत शिकणाऱ्या एखाद्या मुलीनें मधून मधून अर्थ सांगावा. वासराच्या देखाव्याचें काय करावयाचें तें पंचांनीं आधीं स्वतः पाहून ठरवावें.

आणि त्या शेवटच्या रात्रीच्या देखाव्यांत, मोशेच्या घरीं सर्व जण जेवावयास बसले असतां, एक लहान मुलगा विचारतो कीं ही रात्र इतर रात्रींहून वेगळी कां. तेथें यंत्र थांबवावें. दिवा लावावा. ज्या दोघां वडिलांनीं विरोध केला त्यांपैकीं जे वयानें मोठे आहेत त्यांना आधींच घरीं जाऊन विनंति करून ठेवावी, आणि ती तरुणांनींच करावी. मंडळींतील सर्वांत लहान मुलानें उभें राहून त्यांना विचारावें कीं, आजोबा, आपल्या घरांत प्रभूनें काय केलें? त्यांना सांगावयास दहा मिनिटें लागोत कीं तास लागो, कोणीं घड्याळ पाहूं नये. त्यांचें झालें कीं एखाद्या आजीला बोलावयाचें असेल, तिलाही बोलूं द्यावें. मग यंत्र पुन्हां चालू करावें. आणि जें सांगितलें गेलें तें कोणीतरी एका वहींत, त्यांच्याच शब्दांत, नांवगांव व सन घालून लिहून घ्यावें, आणि ती वही मंदिरांत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपाशीं ठेवावी.